फलश्रुतीचा वाचक

मराठी समीक्षेने दोन प्रकारच्या पुस्तकांकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. एक, घरोघर पारायणात असलेली पोथी; आणि दुसरे, एसटी स्थानकावरच्या स्टॉलपासून ग्रंथप्रदर्शनापर्यंत सर्वत्र मांडलेले यशाचे, संपत्तीचे, सकारात्मक विचारांचे पुस्तक. पोथीबद्दल लिहायचे तर भावना दुखावण्याची धास्ती असते. यशाच्या पुस्तकाबद्दल लिहायचे तर ते वाङ्मयाच्या पंगतीतलेच नव्हे, अशी समजूत आड येते. परिणामी, मोजक्या प्रती खपणाऱ्या कवितासंग्रहावर चार परीक्षणे येतात. आणि ज्या पुस्तकांच्या आधाराने माणसे आपले आजारपण, कर्ज, मुलांचे शिक्षण यांविषयीचे निर्णय घेतात, ती पुस्तके कुणी तपासतच नाही.

ही तपासणी देव आहे की नाही, या वादात न शिरताही करता येते. पुस्तक वाचकाला कुठे उभे करते, त्याच्या शंकेला जागा ठेवते की नाही, आणि सांगितलेले फळ मिळाले नाही तर दोष कुणाच्या माथी मारते, हे प्रश्न शुद्ध वाङ्मयीन आहेत. प्रस्तुत लेखात ते अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी निगडित ग्रंथांना विचारले आहेत. कारण नेवासे, ताहाराबाद, शिर्डी, अरणगाव आणि खुद्द नगरचा किल्ला एवढ्या टापूत मराठी माणसाच्या श्रद्धा-वाचनाचा सातशे वर्षांचा पट उलगडलेला दिसतो.

नेवासे : शंका ग्रंथाच्या आतच

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या गीतेवर ती उभी आहे तो मुळात संवाद आहे. अर्जुन विचारतो, अडतो, गोंधळतो, तक्रार करतो. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो कृष्णाला सरळच म्हणतो की, तुझे बोलणे दुटप्पी वाटते, एक काय ते निश्चित सांग. मूळ गीतेत ही तक्रार दोन श्लोकांत संपते. ज्ञानेश्वर ती आवरती घेत नाहीत, उलट फुलवतात. वैद्यानेच पथ्य सांगावे आणि मग स्वतःच विष द्यावे, तर रोग्याने जगायचे कसे, असे त्यांचा अर्जुन विचारतो. गुरूला इतक्या मोकळेपणाने जाब विचारणारा शिष्य ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ मान डोलावण्यासाठी लिहिलेला नाही. अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला आज्ञा करत नाही. याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे म्हणतो.

‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर याच्याही पुढे जातात. तिसऱ्या प्रकरणात ते आपल्या प्रतिपादनाला शिवसूत्रांचा आणि गीतेचा आधार देतात, आणि लगेच वाचकाला बजावतात की शिवाने किंवा श्रीवल्लभाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे समजू नका. त्यांनी सांगितले नसते तरी ते असेच असते. प्रमाण द्यायचे, पण प्रमाणावर विसंबायचे नाही, ही भूमिका तेराव्या शतकातल्या एका भक्त कवीची आहे. ‘आमच्या परंपरेत प्रश्न विचारत नाहीत’ असे म्हणणाऱ्याने आपली परंपरा कोणती, हे आधी पाहायला हवे.

ग्रंथाच्या पाठाविषयीची चिकित्साही भक्तांनीच केली. पोथीच्या नकला होत होत पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हाती आलेली पोथी पवित्र आहे म्हणून ती जशीच्या तशी माथी लावावी, असे त्यांना वाटले नाही. पवित्र आहे म्हणूनच ती तपासली पाहिजे, असे वाटले.

ताहाराबाद : कथा आणि फलश्रुती

राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) हे मराठी संतचरित्रांचे सर्वांत मोठे कथेकरी. १७६२ साली पूर्ण झालेला ‘भक्तविजय’ आणि नंतरचे ‘भक्तलीलामृत’ यांतून नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांची जी चित्रे उभी राहिली, तीच आजही कीर्तनांत आणि चित्रपटांत आहेत. या चरित्रांत चमत्कार पावलोपावली आहेत. पण महिपतींची एक सवय सहसा ध्यानात येत नाही. हे आपल्या मनचे नाही, असे ते आवर्जून सांगतात आणि उत्तरेतल्या नाभाजींचा व उद्धवचिद्घनांचा आधार नावानिशी देतात. आजच्या अर्थाने हे इतिहासलेखन नव्हे. तरीही माहिती कुठून आली हे सांगण्याची जबाबदारी त्यात आहे. मोबाइलवर फिरणारे आजचे संतवचन बहुधा निनावी असते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पोथीपेक्षा या बाबतीत ते मागासलेले म्हणावे लागेल.

अडचण सुरू होते ती फलश्रुतीपाशी. फलश्रुती म्हणजे ग्रंथाच्या किंवा स्तोत्राच्या शेवटी येणारे आश्वासन: हे वाचणाऱ्याला संतती, संपत्ती, आरोग्य लाभेल, संकट टळेल. पुराणांपासून चालत आलेला हा संकेत मराठी पोथ्यांनी आपलासा केला. त्याचे मूळ काम समजण्यासारखे आहे. छापखाना नव्हता, साक्षरता थोडी होती. पोथी नकलून घेतली जावी, चार माणसांत वाचली जावी, टिकावी, यासाठी दिलेले ते उत्तेजन होते. जुना श्रोता ते ऐकून हात जोडी आणि उठे.

वाचक बदलला तसा फलश्रुतीचा अर्थही बदलला. जो संकेत होता तो करार झाला. अमुक अडचणीसाठी अमुक अध्याय, तमुक दिवसांत तमुक फळ, अशी कोष्टके तयार झाली. ग्रंथात काय सांगितले आहे याला दुय्यम स्थान आले आणि शेवटचे पान पहिले झाले. या लेखात ‘फलश्रुतीचा वाचक’ म्हटले आहे ते अशा वाचकाला. तो श्रद्धाळू असेलच असे नाही. तो घाईत असतो, आणि बहुतेक वेळा खऱ्याखुऱ्या अडचणीत असतो.

शिर्डी : वगळून वाचलेला दुसरा अध्याय

साईबाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला गेले. त्यांचे ओवीबद्ध चरित्र ‘श्री साईसच्चरित’ लिहिले गोविंद रघुनाथ दाभोळकरांनी, म्हणजे ‘हेमाडपंतां’नी. दाभोळकर सरकारी नोकरीत दंडाधिकारी राहिलेले, कायदा आणि साक्षीपुरावा जाणणारे गृहस्थ होते. त्याची खूण ग्रंथात आहे. पहिल्याच अध्यायात बाबा जात्यावर गहू दळतात, बायका पुढे होऊन दळण हाती घेतात आणि पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकले जाते. दळण दाभोळकरांनी डोळ्यांनी पाहिले. ते पटकीची साथ हटवण्यासाठी होते, हे मात्र त्यांना गावकऱ्यांना विचारल्यावर कळले. पाहिलेले आणि ऐकलेले यांची सीमा त्यांनी पुसलेली नाही.

दुसरा अध्याय याहून बोलका आहे. शिर्डीला जायचे ठरत असताना त्यांच्या एका मित्राचा मुलगा लोणावळ्याला आजारी पडतो. औषधे होतात, मंत्रतंत्र होतात, शेवटी गुरूला त्याच्या उशाशी बसवतात; तरीही मुलगा जातो. मग गुरूचा उपयोग काय, असा प्रश्न दाभोळकरांच्या मनात उठतो आणि शिर्डीचा बेत ढिला पडतो. पुढे शिर्डीला पोचल्यावर पहिल्याच दिवशी ते भाट्यांशी वाद घालतात. स्वतःचे स्वातंत्र्य सोडून गुरू कशाला करायचा, अशी त्यांची बाजू असते. ‘हेमाडपंत’ हे नावच या वादातून त्यांना चिकटले.

पुढचा सारा ग्रंथ शरणागतीचा आहे, यात शंका नाही. लोणावळ्याच्या त्या मृत्यूचे समाधानकारक उत्तर दाभोळकर देतात, असेही म्हणता येणार नाही. पण त्यांनी तो लपवला नाही. आपल्या श्रद्धेविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी ग्रंथाच्या दारातच ठेवला. सप्ताहात हा अध्याय वाचला जातो, डोळ्यांखालून जातो. मात्र ‘अनुभव’ म्हणून सांगितले जातात ते बऱ्या झालेल्यांचे. दाभोळकरांइतकी शंका घेणारा भाविक आज त्यांच्याच ग्रंथाच्या वाचकांत शोधावा लागेल.

बुडालेल्यांची चित्रे

‘अनुभव आहे’ या शब्दांपुढे आपल्याकडे वाद संपतो. या शब्दांची तपासणी मात्र फार जुनी आहे. सिसेरोने एका नास्तिक ग्रीकाची गोष्ट सांगितली आहे आणि फ्रान्सिस बेकनने १६२० सालच्या ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये ती पुन्हा वापरली. देवळात कुणीतरी चित्रे दाखवली: नवस केला म्हणून वादळातून वाचलेल्या माणसांची. पाहणाऱ्याने विचारले, नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? बुडालेले चित्र टांगायला परत येत नाहीत. म्हणून देऊळ फक्त वाचलेल्यांच्या चित्रांनी भरते. यात कुणी खोटे बोललेले नाही. प्रत्येक चित्र खरे असूनही सगळी मिळून खोटा निष्कर्ष देतात. लोणावळ्याचा मुलगा हे अशा बुडालेल्याचे चित्र आहे, आणि ते ग्रंथात टांगणारा लेखक म्हणून दाभोळकरांचे महत्त्व आहे.

दाव्याची परीक्षा झाली तर काय होते, याचेही उदाहरण जिल्ह्यात आहे. नेवासे तालुक्यातल्याच शनिशिंगणापूरला घरांना दारे नाहीत, कारण शनीच्या धाकाने तिथे चोरी होत नाही, असा लौकिक आहे. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली. प्रत्यक्षात तिला काचेचे दार आणि सहजी नजरेस न येणारे विद्युतचुंबकीय कुलूप होते. २०१० नंतर चोरीच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या, आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे झाले. लौकिकात काही फरक पडला नाही. बँकेने श्रद्धेचा मान राखला आणि पैसा कुलपात ठेवला. व्यवहारात आपण सारे असेच वागतो. मग हीच सावधगिरी पुस्तक वाचताना का गळून पडते?

अरणगाव : कापून छोटे केलेले वाक्य

नगरजवळच्या अरणगावी मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत. न बोलणाऱ्या या गुरूचे एक वाक्य मात्र जगभर गेले. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे शब्द त्यांच्या चित्राच्या फलकांवर छापले जात. असा फलक बॉबी मॅकफेरिन या अमेरिकी गायकाने पाहिला, आणि १९८८ साली त्याचे याच नावाचे गाणे तुफान गाजले. पुढे ते पेल्यांवर, सदऱ्यांवर, दुकानांच्या भिंतींवर आले.

अनुयायांत प्रचलित असलेल्या पूर्ण संदेशात या शब्दांच्या आधी एक अट आहे आणि नंतर एक आधार. आधी आपल्या हातून होईल तेवढे सर्व करा. मग काळजी सोडा. आनंदात राहायचे ते गुरूच्या प्रेमावर विसंबून. हा आधार कुणाला पटेल, कुणाला नाही. पण मूळ वाक्यात कष्ट आहेत, नाते आहे, आणि ते मागणी करणारे आहे. पेल्यावरच्या वाक्यातून अटही गेली आणि आधारही. उरला तो नुसता सल्ला, जो बेकार तरुणालाही देता येतो आणि त्याला बेकार करणाऱ्यालाही. धार्मिक शिकवणीपासून आत्मविकासाच्या शिकवणीपर्यंतचा प्रवास बहुधा असाच होतो. वाक्य छोटे होते आणि जबाबदारी गळते.

यशाची पोथी

आत्मविकासाच्या पुस्तकांचा आरंभ सन्मान्य होता. सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ सालचे. त्यात कारागिरांच्या, शोधकांच्या चिकाटीच्या कथा आहेत. १९३७ साली नेपोलियन हिलचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ आले. अँड्र्यू कार्नेगीने आपल्याला यशाचे रहस्य शोधायला प्रवृत्त केले, असे हिल सांगतो. कार्नेगी १९१९ सालीच वारला होता, आणि त्या भेटीला हिलच्या शब्दापलीकडे पुरावा सापडलेला नाही. तरी जगभरचे, आणि मराठीतलेही वाचक ही कथा संतकथेसारखी सांगतात. रॉन्डा बर्नच्या २००६ सालच्या ‘द सीक्रेट’पर्यंत येता येता कष्टही वजा झाले. उत्कटतेने मागा, मिळाले असे माना, म्हणजे मिळेल, एवढेच उरले.

मराठी वाचकाला ही पुस्तके परकी वाटली नाहीत, याचे कारण त्यांची घडण त्याच्या ओळखीची होती. गुरूची भेट, गुप्त ज्ञान, ठरावीक दिवसांचा नेम, रोज म्हणायची वाक्ये, बऱ्या झालेल्यांचे अनुभव आणि शेवटी फळ. पोथीची सारी अंगे इथे आहेत. बदल झाला तो एका ठिकाणी, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे.

पोथीत फळ मिळाले नाही तर भाविकापाशी बोलायला काही असते. प्रारब्ध असेल, देवाची इच्छा नसेल, वेळ आली नसेल. ही उत्तरे तर्काला टिकणारी नाहीत. पण ती हरलेल्या माणसाच्या पाठीवरचे ओझे थोडे उतरवतात. यशाच्या पुस्तकात ती सोय नाही. तिथे सारे तुमच्या मनात आहे. म्हणून अपयशही तुमच्याच मनाचे पाप ठरते. तुम्ही पुरेशा विश्वासाने मागितले नाही, नकारात्मक विचार केला. पाऊस पडला नाही, कांद्याचा भाव कोसळला, नोकरभरती थांबली, याला त्या जगात स्थान नाही. असे पुस्तक कधी चूक ठरू शकत नाही, कारण चूक होण्याचा मान त्याने आधीच वाचकाला दिलेला असतो. पारायणाला सात दिवस आणि थोडा खर्च लागतो. यशाच्या शिबिराला शुल्क लागते, आणि निराश झालेल्याला वरच्या पायरीचे, आणखी महागडे शिबिर सुचवले जाते.

कायद्याचा हात इथवर पोचत नाही. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा त्याने गुन्हा ठरवला. ते आवश्यकच होते. पण ‘मनापासून मानले की रोग बरा होतो’ असे छापील वाक्य वाचून कुणी गोळ्या बंद केल्या, तर त्याला रोखणारा कुणी नसतो. तिथे फक्त दुसरे वाचन उपयोगी पडते, आणि ते शिकवणे हे समीक्षेचे काम आहे.

किल्ल्यातला वाचक

अशा दुसऱ्या वाचनाचा एक नमुना नगरच्या किल्ल्यात लिहिला गेला. १९४२ च्या ऑगस्टपासून मौलाना अबुल कलाम आझाद तिथे स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी उर्दूत लिहिलेली पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली. आझादांचा जन्म पीराच्या घरचा. वडिलांच्या मुरिदांचा गोतावळा मोठा, त्यामुळे भक्ती आणि मान त्यांना वारशाने मिळणार होता. त्या पत्रांत ते सांगतात की वारशाने आलेली श्रद्धा लहान वयातच डळमळली, मग शंकेची वर्षे आली, आणि शेवटी जे हाती लागले ते स्वतः शोधलेले होते. आंधळ्या अनुकरणाचा धर्म आणि शोधून मिळालेला धर्म यांत ते स्पष्ट भेद करतात. ज्याला प्रश्न न विचारण्याचा सर्वाधिक फायदा झाला असता, त्यानेच प्रश्न विचारले. आणि विचारून तो अश्रद्ध झाला नाही.

आझादांच्या आधी तीनशे वर्षे, याच जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी भोंदू गुरूंवर कोरडे ओढले होते. तेही भक्त होते. म्हणून चिकित्सा म्हणजे पाखंड, ही समजूत इथल्या मातीत तरी टिकणारी नाही.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. पारायण हे माहिती मिळवण्याचे वाचन नसते, असे भाविक म्हणेल. त्यात लय असते, सोबत असते, दुःखात बसायला एक जागा असते. तिथे पुरावा मागणे म्हणजे आईच्या ओवीला दाखला मागण्यासारखे आहे. हे मान्य करायला हवे. धीर देणारे वाचन धीर देत असेल तर त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. पण तेच वाचन जेव्हा रोग्याला औषध सोडायला, कर्जदाराला आणखी पैसे भरायला किंवा विद्यार्थ्याला अभ्यासाऐवजी कल्पनाचित्र रंगवायला सांगते, तेव्हा ते ओवी राहत नाही, दावा होते. दाव्याला दाखला मागणे हा वाचकाचा हक्क आहे.

हा हक्क बजावायला वाचकाला मोठी विद्वत्ता लागत नाही. हे तुम्हांला कुठून कळले, हे महिपतींनी न विचारताच सांगितले. ज्यांना फळ मिळाले नाही त्यांचे काय झाले, याची नोंद दाभोळकरांनी एकदा तरी केली. आणि हे मी नाकारले तर चालेल का, याला कृष्णाने अर्जुनापुढे ‘चालेल’ असेच उत्तर दिले. हे तीन प्रश्न हाती घेऊन घरातली पोथी उघडावी आणि शेजारचे यशाचे पुस्तकही. ज्या पुस्तकाला ते प्रश्न सोसवणार नाहीत, त्याच्या शेवटच्या पानावर कितीही मोठे फळ लिहिलेले असले तरी ते मिटून ठेवायला हरकत नाही.